मदत हवी आहे: माझे दोन बॉट एकमेकांना 'व्हर्जन' विचारत सुटतात

मंडळी, शिकायचं म्हणून पायथॉनमध्ये आयआरसी या जुन्या चॅट-व्यवस्थेचा छोटा बॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम) लिहितोय. लायब्ररी न घेता, थेट सॉकेट उघडून. (हौस!)

आधी अडलो ते स्लॅश-मी वर ('अमुक हसतो' अशी कृती दाखवायची आज्ञा). कोणी ते वापरलं की माझ्याकडे दोन्ही टोकांना चौकोनी डबे आणि आत 'ॲक्शन' हा शब्द. ते डबे म्हणजे 1 किमतीचा बाइट, आणि या प्रकाराला (साध्या संदेशात गुंडाळून एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेली सूचना) सीटीसीपी म्हणतात, इथवर पोचलो. सर्व्हर नेहमीचा संदेश म्हणून पुढे पाठवतो, अर्थ लावायचा तो समोरच्या प्रोग्रामने.

मग 'व्हर्जन' (तुझा प्रोग्राम कोणता, ही सीटीसीपीतली विचारणा) आलं की उत्तर द्यायची सोय केली. काल त्याच कोडची दुसरी प्रत चालवली आणि पहिलीला तिची व्हर्जन विचारायला लावलं. उत्तर आलं, त्यावर हिने उत्तर दिलं, त्यावर तिने... शेवटी सर्व्हरने 'एक्सेस फ्लड' (संदेशांचा भडिमार) म्हणत दोघींना हाकललं. प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं, हे ओळखायचं कसं? दोन्हींत शब्द तोच असतो.

शिवाय एकाने डीसीसीने (दोन वापरकर्त्यांमधली थेट जोडणी) फाईल पाठवली, तर त्यात आयपीच्या जागी 3232235781 असला आकडा. हे काय?

प्रतिसाद १:
उत्तरही प्रिव्हएमएसजीनेच (नेहमीचा संदेश पाठवायची आज्ञा) पाठवताय ना? तिथेच घोळ आहे. विचारणा प्रिव्हएमएसजीने, उत्तर नोटीसने (संदेश पाठवायचीच दुसरी आज्ञा). 1993 च्या आरएफसी 1459 मध्येच (आयआरसीचे नियम सांगणारा दस्तऐवज) आहे की नोटीसला आपोआप उत्तर कधीच द्यायचं नाही. ती सोय नेमकी अशी चक्रं टाळायलाच आहे.

आणि शेवटचा 1 चा बाइट असेलच असं धरू नका. ओळ 512 बाइटांची, त्यापलीकडचं कापलं जातं, आणि काही प्रोग्राम तो लावतच नाहीत. सुरुवातीचा दिसला की पुरे.

तो आकडा आयपीच आहे, चार बाइट एकत्र करून दशमानात लिहिलेला. तुमचा उलगडला की 192.168.1.5 येतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा घरगुती नेटवर्कमधला पत्ता. बाहेरून तिथे जोडणी होणारच नाही.

धागाकर्ता:
प्रिव्हएमएसजीचं नोटीस केलं, नोटीस आली की नुसती छापायची असं ठेवलं. दोघी गप्प! एका शब्दासाठी अख्खी रात्र घालवली म्हणायची. डीसीसी सध्या काढूनच टाकलंय.