मदत हवी आहे : हिमनदीचे धक्के भूकंपलेखात ओळखायचे कसे?

मंडळी, भूकंपलेख (जमिनीच्या कंपनांच्या यंत्रावरच्या नोंदी) वाचता येणारं कुणी आहे का इथे?

पश्चिम अंटार्क्टिकातला व्हिलन्स हिमप्रवाह (बर्फाच्या थरातून समुद्राकडे सरकणारी बर्फाची नदीच) बराच वेळ जवळजवळ थबकलेला असतो. मग दिवसातून साधारण दोनदा, रॉस समुद्राच्या भरती-ओहोटीच्या तालावर, अर्ध्या तासात अर्धा मीटरपर्यंत सरकतो. हिशेबाने हा धक्का 7 तीव्रतेच्या भूकंपाइतका, पण इतका सावकाश की वर उभ्या माणसाला पत्ताही लागू नये!

मला तो दक्षिण ध्रुवाजवळच्या क्यूएसपीए या भूकंपमापन केंद्राच्या नोंदींत शोधायचाय. नोंदी फुकट मिळतात, ऑब्सपायमध्ये (भूकंपनोंदी हाताळायचं पायथन सॉफ्टवेअर) उघडल्याही. घोडं अडलंय पुढे. 20 ते 100 सेकंद आवर्तकाळाचा (एका आंदोलनाला लागणारा वेळ) फिल्टर लावला, तरी दूरच्या खऱ्या भूकंपांच्या पृष्ठतरंगांतून (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लाटांतून) हे धक्के वेगळे काढता येत नाहीत. भरतीच्या वेळांशी जुळवून पाहणं पुरेल, की अंटार्क्टिकातल्याच व्हीएनडीए केंद्राच्या नोंदीही घेऊन तरंगांची दिशा काढावीच लागेल? आणि यंत्राचा प्रतिसाद (नोंदीत मिसळलेला यंत्राचा स्वतःचा परिणाम) फिल्टरच्या आधी काढायचा की नंतर?

ग्रीनलंडचे 5 तीव्रतेच्या आसपासचे धक्के मुद्दाम बाजूला ठेवलेत. तिथे हिमनग तुटून उलटतात, तो मामलाच निराळा.

व्हिडिओंचे दुवे नकोत, कृपया. कुणाकडे चालणारा कोड असेल तर सोन्याहून पिवळं.