नखाखालची ग्लोमस गाठ: ऑपरेशन करून घेतलेलं कुणी आहे का?

इगतपुरीकर: आईच्या उजव्या अनामिकेचा प्रश्न आहे. थंड पाण्यात हात गेला की कोपरापर्यंत कळ जाते, पोळपाटाची कड नखाला लागली तरी डोळ्यांत पाणी येतं. कुणी वात म्हणालं, कुणी मानेचा मणका. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. आता नाशिकच्या हँड सर्जननी नखाच्या मुळाशी निळसर डाग दाखवला. एमआरआयमध्ये ४ मिलिमीटरची गाठ आलीय, ग्लोमस ट्यूमर. 'ट्यूमर' ऐकल्यापासून आई धड जेवत नाहीये. भूल कशी देतात? नख परत येतं का? दुखणं खरंच जातं का?

शिवणवाली, सांगली: आईंना आधी जेवायला लावा. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, कॅन्सरची नाही.
माझं डाव्या अंगठ्याचं झालंय. मी ब्लाउज शिवते, कापड सरकवताना जीव जायचा. डॉक्टरांनी टाचणीच्या डोक्याने नखावर जागोजागी दाबलं. एकाच ठिकाणी किंचाळले, शेजारी काही नाही. मग दंडाला बीपीचा पट्टा आवळून रक्त थांबवलं आणि तीच जागा दाबली, तर दुखेना! पट्टा सोडला, कळ परत. घरात सगळ्यांना माझी कुरकुर वाटायची. त्या टेबलावर मी रडले, कारण पहिल्यांदा कुणाला तरी ते दुखणं सापडलं होतं.
भूल फक्त बोटापुरती. मुळाशी दोन्हीकडे इंजेक्शन देतात, ते मात्र झोंबतं. मग मुळाशी रबर आवळतात, नख उचलतात, खालची त्वचा उभी कापून गाठ सोडवतात. माझी ज्वारीच्या दाण्याहून लहान होती. बारीक टाके घालून तेच नख झाकणासारखं वर ठेवलं. जखम ठणकली, पण ती जुनी कळ त्या रात्रीपासून नाही. नवं नख पुरतं यायला पाच-सहा महिने लागतात. माझ्या नखावर एक बारीक रेघ राहिलीय, राहू दे.

ओटी सिस्टर: ताईंनी बरोबर लिहिलंय. बोटाच्या टोकाला तापमान सांभाळणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या बारीक जुळण्या असतात, ही गाठ त्यांतूनच होते. म्हणून थंडी सोसत नाही. गोळ्यांनी, मालिशने ती विरघळत नाही, मालिश तर करूच नका. सर्जन भिंग लावून करतात ना, हे विचारा. कण मागे राहिला तर गाठ परत येते. काढलेली गाठ बायोप्सीला पाठवायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगर असेल तर आधीच कळवा. आणखी बोटं दुखत असतील किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील तर तेही सांगा, न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात अशा गाठी एकाहून जास्त होतात. काही महिन्यांनीही तीच कळ राहिली तर पुन्हा एमआरआय करा.

इगतपुरीकर: आईला सगळं वाचून दाखवलं. टाचणीचं ऐकून म्हणाली, "अगदी असंच." ताई, इंजेक्शन देताना मला आत थांबू देतील का?

शिवणवाली, सांगली: माझ्या वेळी नवऱ्याला बाहेर बसवलं होतं, पण सिस्टरने दुसरा हात धरून ठेवला. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.