विषय: उत्तर: उत्तर: शनिवारी तान्ह्यांची खोली – किल्ली कुणाकडे?

बालविभाग:
शनिवारच्या कार्यक्रमात तान्ह्यांना वेगळं बसवायला पुस्तकांची खोली रिकामी हवी, ही तिसरी मेल. सहा महिन्यांच्या आतली चार बाळं येतायत आणि मोठ्या पोरांतली निम्मी शेंबडी. गेल्या वेळचं पुन्हा नको.

ग्रंथालय:
कपाटं हलणार नाहीत. आणि सर्दीचा एवढा बाऊ कशाला? दोन वर्षांचं होईपर्यंत आरएसव्ही, म्हणजे सर्दी-खोकल्याचा तो विषाणू, जवळपास प्रत्येक पोराला होऊन जातो, असं तुम्हीच लिहिलं होतंत.

धाकटीची आई:
काका, होऊन जातो, पण कितव्या महिन्यात, त्यावर सगळं आहे. आमची सात आठवड्यांची होती. थोरलीचं नुसतं नाक वाहत होतं. धाकटीला दोन दिवस शिंका, तिसऱ्या दिवशी दूध ओढेना. चार घोट घेतले की तोंड सोडून धापा. ताप नव्हताच. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ७२. या वयात ६० च्या वर गेलं की थांबायचं नसतं. पाच रात्री ऑक्सिजन, नाकातल्या नळीतून दूध. एवढ्याशा श्वासनलिका, जरा सुजल्या, चिकटा साठला की वाट बंद. काही तान्ही तर मध्येच श्वास घ्यायची थांबतात. विषाणूच तो, अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही.

कार्यक्रम समिती:
आता लस आली ना?

धाकटीची आई:
लस आईला, गरोदरपणात. बाळाला देतात ते निरसेविमॅब, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन. आमच्या वेळी दोन्ही नव्हतं.

स्वयंसेवक:
हात धुवा, संपलं. सॅनिटायझरच्या दोन बाटल्या मी आणल्यात, बिल अजून पडून आहे.

खजिनदार:
पावती जोडा.

बालविभाग:
पावतीचं नंतर. ओठावर तापाच्या पुळ्या आलेल्यांनी बाळांचे पापे घेऊ नयेत, हेही दारावर लिहिणार आहे. ती नागीण नव्हे, हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा वेगळा विषाणू; बाळाच्या पहिल्या महिन्यात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर. कुणाला राग आला तर माझ्याकडे पाठवा.

ग्रंथालय:
लिहा, पण आमच्या दारावर खिळा नको. किल्ली साडेतीनला देतो, सहाला परत. मधलं कपाट हलवू नका, त्याचा पाय मोडलाय.