मदत हवी आहे: आबाजींना बोन मॅरो म्हणजे क्लोनिंग वाटतं

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, मानेवाड्यात राहतो. पुतण्या ९ वर्षांचा, सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो जन्मजात आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाबा दोघांकडून दोष आलेला. वर्षभरात तीनदा ॲडमिट झाला. डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातली मज्जा देणं, सुचवला. सख्ख्या भावंडाचं एचएलए (डोनर जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आमच्या नशिबाने त्याच्या १४ वर्षांच्या ताईचं जुळलं. (ती एएस आहे, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेली, पण डोनर म्हणून चालते.)

अडलंय आबाजींपाशी, पोरांच्या आजोबांपाशी. ते पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालेत. 'स्टेम सेल' हा शब्द कानावर पडला आणि बिनसलं. "पोरीच्या हाडातलं काढून पोराची नक्कल बनवता का बे? डॉली मेंढीचं क्लोन केलं तेव्हा २७७ अंड्यांतून ती एकच जगली. २००९ मधे कर्नालचं म्हशीचं पहिलं क्लोन पारडू आठवड्याच्या आत गेलं." आकडे बरोबर आहेत, हीच पंचाईत!

मी समजावलं. क्लोनिंगमधे पेशीतलं केंद्रक काढून रिकाम्या अंड्यात घालतात, नवा जीव जन्माला घालायला. माणसाच्या बाबतीत आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) ते बंदच ठेवलंय. इथं ताईला भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची आणि सलाइनसारखी पोराला चढवायची. तिची काही आठवड्यांत भरून येते. "मग स्टेम सेल कायले म्हणता?" मज्जेतल्या ज्या पेशींपासून रक्त तयार होतं त्यांचंच ते नाव, म्हटलं. पटलं नाही.

गंमत पुढेच आहे. याच आबाजींनी एका क्लिनिकचं पत्रक उशाखाली जपून ठेवलंय: पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून गुडघ्यात इंजेक्शन, दीड लाख. "ते माझंच माझ्यात, त्यात क्लोन कुठून आला?" आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. त्यात रक्ताच्या आजारांसाठी मॅरो ट्रान्सप्लांट मान्य आहे, बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमधे आणि तेही पेशंटकडून पैसे न घेता. कागद बाजूला सारला. वर्षानुवर्षं पक्कं झालेलं नको, दीड लाखाचं कच्चं मात्र हवं! दादा त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही, वहिनी आतल्या आत रडते.

कोणाच्या घरी बहीण-भाऊ डोनर होते का? म्हाताऱ्यांना कोणी समजावलं, डॉक्टरांनी की नातलगांनी? शाळा किती दिवस बुडली?

आणि एक. या सगळ्यात ताईला कोणी नीट विचारलंच नाही. परवा मला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, खूप दुखते का?" हे करून आलेली एखादी मुलगी तिच्याशी फोनवर बोलेल का? व्यनि (खाजगी निरोप) करा.