डीलरची यादी वेबसाइटवर आहे, तरी सगळे मलाच फोन करतात. काय बदलू?

कुपवाडची
कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेत औषध फवारायच्या ब्लोअरची नोझल, जोरानं औषध फेकणाऱ्या एचटीपी पंपाचे प्लंजर, सील असा सुटा माल करतो. विक्री डीलरमार्फत, सांगली-सातारा मिळून ३४ दुकानं. कारखाना नवरा बघतो, फोन मी.

ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे साडेपाचपासून फोन. "ताई, सील गेलंय, औषध कालवून बसलोय, तासगावात कुणाकडं मिळंल?" मी रजिस्टर उघडून सांगते. हीच यादी वेबसाइटवर आहे, पैसे मोजून केलेली.

रविवारी सासऱ्यांच्या हातात मोबाइल दिला. म्हटलं, मामा, विट्यातला आपला डीलर शोधा. वरच्या तीन रेघांवर बोट ठेवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी दाखवलं. यादी होती 'नेटवर्क' या शब्दाखाली. ते म्हणाले, "रेंज फुल्ल हाय की!" शेवटी पिनकोड टाकला 415311, तर वर कराड, कोरेगाव, फलटण आणि विटा पार तळाला. शेजारचं तासगाव तर यादीतच नाही. असं का होतं?

कराडचा वेबवाला
ताई, पिनकोडचे पहिले तीन आकडे टपालाच्या सोयीचे असतात, जिल्ह्याचे नाहीत. विटा 415311, इस्लामपूर 415409, म्हणजे दोन्ही साताऱ्याच्या 415 मध्ये. तासगाव 416312. तुमची साइट पहिले तीनच आकडे जुळवून नावं बाराखडीनं लावत असणार. ती पिनकोडची चौकट काढून टाका.

'माझ्या जवळचं दुकान' असं बटण द्या आणि ठिकाण फोनच्या जीपीएसवरून घ्या. इंटरनेटच्या पत्त्यावरून (आयपी) घेतलं तर जतचा माणूसही पुण्यात दिसू शकतो. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी, नाहीतर ब्राउझर ठिकाण देतच नाही.

विट्याचा दुकानदार
बटण ठीक, पण गावांची नावं आधी सुधरा. कागदावर आमचा तालुका खानापूर, गिऱ्हाईक म्हणतं विटा. खानापूर बेळगावकडंही आहे. वाळव्याचं तसंच, तिथं इस्लामपूर आणि त्याचं नवं नाव ईश्वरपूर दोन्ही चालली पाहिजेत. साताऱ्यात माण म्हणजे दहिवडी, खटाव म्हणजे वडूज, जावळी म्हणजे मेढा. माणूस ज्या गावाला बाजाराला जातो त्याच गावाचं नाव टाकतो. आणि 'नेटवर्क' काढा हो. 'माल कुठं मिळतो' लिहा.

तासगावचा बागायतदार
मी त्या पहाटेच्या फोनवाल्यांपैकीच. यादी मला सापडलेली, पण दुकानांचे नंबर फोटोत. बोट ठेवून फोन लागत नाही, कॉपीबी होत नाही. औषधाच्या हातानं नंबर कागदावर उतरवत बसू का? त्यापेक्षा ताईंचा नंबर पाठ आहे. नकाशा-बिकाशा नसला तरी चालंल, दुकान किती वाजता उघडतं तेवढं लिवा.

कुपवाडची
नंबर फोटोत आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोराला बसवून चार दिवसांत बदललं. पहिल्याच पानावर, तीन रेघांच्या बाहेर, 'माल कुठं मिळतो'. त्याखाली बाजाराच्या गावांची नावं, नंबरावर बोट ठेवलं की फोन. जीपीएसचं बटण अजून व्हायचंय.

मामांना परत बसवलं. विटा लगेच सापडलं, फोनही लागला. उचलला एका बाईंनी. म्हणाल्या, दुकान गेल्या दिवाळीलाच बंद केलं. म्हणजे माझ्या रजिस्टरमध्येही तोच मेलेला नंबर! विट्यात आपले दोन डीलर, मी नेहमी दुसऱ्याचा देत आले म्हणून कळलं नाही. हे ताजं ठेवायचं कसं?

विट्याचा दुकानदार
तो दुसरा मीच. वर्षातनं दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी यांच्या आधी, एकेका दुकानाला स्वतः फोन लावा. दुसरी युक्ती नाही.

कुपवाडची
३४ मधले ११ झाले. दोन नंबर बदललेत, एक उचलत नाही.