खंडांची मांडणी आणि प्राचीन हवामान : शालेय प्रदर्शनासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न
नमस्कार. आमची शाळा रत्नागिरी तालुक्यात, सड्याला (जांभ्या दगडाच्या सपाट माळाला) लागून आहे. नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनात 'खंड सरकले की हवामान का बदलते' हा विषय मांडायचा आहे. पँजियाचे, म्हणजे सगळे खंड एकत्र असतानाच्या महाखंडाचे, नकाशे सहज मिळतात, परंतु नुसते नकाशे डकवून मुलांच्या हाती फारसे काही लागणार नाही. प्रत्यक्ष काय दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर १
सर, सुरुवात जांभ्यापासून, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडापासूनच करावी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि पुढे उत्तरेकडे सरकताना त्या लाव्ह्याचा थिजून झालेला काळा दगड उष्ण, पावसाळी पट्ट्यातून गेला. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी अशा दगडातील कॅल्शियम सुटे करते, ते नद्यांवाटे समुद्रात जाते आणि तेथे शिंपल्यांत व चुनखडीत कार्बन अडकून पडतो. म्हणून कोणता दगड कोणत्या पट्ट्यात उघडा पडला आहे, याला हवामानाच्या इतिहासात फार मोल आहे. आपल्या सड्यावरचा जांभा बराच नंतरचा असला, तरी तोही अशाच विदारणातून (हवा-पाण्याने दगड झिजण्या-कुजण्यातून) मागे उरलेला लोह-ॲल्युमिनियमचा साठा आहे. घाटातल्या दरडीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला, बाहेरून तांबूस व भुसभुशीत आणि आत टणक काळा असा गोटा सापडतो. तो जांभ्याच्या चिऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवावा.

उत्तर २
थंडीची बाजूही यायला हवी. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, कारण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. विदर्भात हिमनदी होती, हे ऐकूनच मुले थबकतील! मात्र अंटार्क्टिकावर ३.४ कोटी वर्षांपूर्वी बर्फ साचला तो केवळ खंड दूर सरकून भोवतालचे सागरी मार्ग खुले झाल्यामुळे, असे लिहू नये. हवेतील कार्बन डायऑक्साइडची घटही तितकीच विचारात घ्यावी लागते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कार्बन शिंपल्यात अडकतो, हे मुलांना कसे पटवावे?

उत्तर १
किनाऱ्यावरचे शिंपले कुटून त्यावर व्हिनेगर ओतावे. सुटणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचेच असतात. तुलनेसाठी शेजारी जांभ्याच्या तुकड्यावरही ओतावे, पण तो तुकडा आधी पाण्यात नीट भिजवून घ्यावा, नाहीतर त्याच्या छिद्रांतून निघणाऱ्या साध्या हवेचे बुडबुडे पाहून मुलांचा गोंधळ होईल.