सोसायटी ग्रुपवरील चर्चा: सभेच्या नोटिसा आणि मेल मर्जमधील चुका

सचिव (ए-१०२):
सर्व सभासदांना नमस्कार. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक आहे आणि उपविधीनुसार सभेची सूचना किमान १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून गणपतीच्या धामधुमीआधीच नोटिसा वाटून मोकळे व्हावे असे समितीने ठरवले होते. प्रत्येकाच्या नोटिशीत नाव, फ्लॅट क्रमांक, थकबाकी आणि ती भरण्याची अंतिम तारीख यावी यासाठी वर्डमध्ये मेल मर्ज केले, म्हणजे एकाच पत्रात यादीतील प्रत्येकाची माहिती आपोआप भरून घेतली. परंतु नमुना म्हणून काढलेल्या प्रती वाटण्याजोग्या नाहीत. एका सभासदाची थकबाकी ४२५०.३५००००००००००४ अशी छापली गेली आहे, ५ सप्टेंबर ही तारीख ९/५ अशी, म्हणजे वाचणाऱ्याला ९ मे वाटावी अशी आली आहे, आणि बी व सी विंगच्या नोटिसांवर फ्लॅट क्रमांकाची जागा कोरीच आहे. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खजिनदार (बी-३०४):
एक्सेलची यादी माझ्याकडे असते. ती आत्ता पुन्हा उघडून पाहिली. रक्कम, तारीख आणि फ्लॅट क्रमांक तिथे अगदी व्यवस्थित दिसत आहेत. शाहूपुरीतील एका दुकानात विचारले तेव्हा वर्ड काढून पुन्हा टाकावे लागेल असे सांगण्यात आले. तसे करावे का?

सी-२०३:
वहिनी, वर्ड पुन्हा टाकण्याची काहीही गरज नाही; तसे केले तरी हेच आकडे पुन्हा छापले जातील. एक्सेल पडद्यावर जे दाखवते ते वर्ड उचलत नाही, एक्सेलने आत जे साठवलेले असते ते उचलते, आणि सचिवकाकांनी सांगितलेल्या तिन्ही चुकांचे मूळ तिथेच आहे. दशांश अपूर्णांक संगणक द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत साठवतो आणि ४२५०.३५ ही संख्या त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. एक्सेल ती दोन दशांशस्थळांपर्यंत आवरून दाखवते, पण वर्डकडे जाते ती न आवरलेली संख्या, आणि म्हणून शेवटी तो ४ आला. तारखेचेही तसेच आहे. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक साधा अनुक्रमांक असतो, दिवस आधी की महिना आधी हे केवळ दाखवण्याचे रूप असते, आणि ते रूप वाटेत गळून पडून अमेरिकी पद्धतीचे, महिना आधी असलेले रूप येते.

यातली तारखेची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. थकबाकीतील लांबलचक शेपूट कोणाच्याही नजरेत भरेल आणि तो सभासद विचारायला येईल. पण ५ सप्टेंबरऐवजी ९ मे वाचणाऱ्या माणसाला आपली मुदत केव्हाच संपली असेच वाटेल, आणि नोटिशीवर सही सोसायटीची असेल. सभेची तारीख सर्वांना एकच आहे, तेव्हा ती यादीत न ठेवता थेट पत्राच्या मजकुरात टंकित करावी. ज्यांना हप्ते बांधून दिले आहेत त्यांच्या अंतिम तारखा वेगवेगळ्या असल्याने तेवढ्याच रकान्यात राहू द्याव्यात.

उपाय दोन आहेत. पहिला वर्डमधला: ऑल्ट आणि एफ९ या कळा एकत्र दाबल्या की फिल्डचे, म्हणजे यादीतील माहिती जिथे येते त्या पत्रातील जागांचे, मूळ कोड दिसू लागतात, तिथे रकमेच्या फिल्डच्या नावापुढे उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून हॅशचे चिन्ह आणि मग दोन दशांशस्थळांचा नमुना लिहायचा, तर तारखेसाठी हॅशच्या जागी ॲट चिन्ह आणि दिवस, महिना, वर्ष असा नमुना लिहायचा. महिन्याचा एम मोठ्या लिपीतलाच हवा, कारण छोटा एम म्हणजे वर्डच्या लेखी मिनिटे होत. दुसरा उपाय एक्सेलमधला आणि माझ्या मते आपल्यासाठी अधिक भरवशाचा: मूळ रकान्याशेजारी एक नवा रकाना करून त्यात टेक्स्ट हे सूत्र लिहावे, म्हणजे रक्कम आणि तारीख हवी त्या रूपात मजकूर म्हणूनच साठवली जाईल, आणि मर्जमध्ये तोच नवा रकाना घ्यावा. मजकुराला वर्ड हात लावत नाही. महिन्यासाठी सूत्रात दोनऐवजी चार एम लिहिले तर महिन्याचे नाव अक्षरी येते आणि दिवस कोणता, महिना कोणता हा प्रश्नच उरत नाही.

खजिनदार (बी-३०४):
रक्कम आणि तारीख समजली. परंतु फ्लॅट क्रमांक तर साधा मजकूर आहे, तो कोरा का यावा? आणि ए विंगचे क्रमांक मात्र सर्व बरोबर आले आहेत.

सी-२०३:
आपल्या यादीत ए विंगचे क्रमांक नुसते १०१, १०२ असे आहेत आणि बी, सी विंगचे मात्र अक्षरासह आहेत. वर्ड आणि एक्सेल यांच्यामध्ये माहिती वाहून नेणारा जो दुवा असतो, तो साधारणपणे रकान्याच्या पहिल्या ८ ओळी पाहून हा रकाना संख्यांचा की मजकुराचा हे ठरवतो. पहिल्या ८ ओळी ए विंगच्या, म्हणजे निव्वळ संख्यांच्या असल्यामुळे सबंध रकाना संख्यांचा ठरला, आणि त्यात न बसणारे क्रमांक रिकामे किंवा शून्य होऊन आले. ए विंगच्या क्रमांकांनाही अक्षर लावले की रकाना एकजिनसी होईल आणि दोष जाईल.

इथे एक खबरदारी घ्यावी. भरलेल्या सेलचा प्रकार नुसता टेक्स्ट असा बदलून भागत नाही. आधी साठवलेली संख्या संख्याच राहते, ती पुन्हा टंकित करावी लागते. तसेच कोणी विंगला आकडा देऊन फ्लॅट २-४ असा लिहिला, तर एक्सेल त्याची परस्पर २ एप्रिल किंवा ४ फेब्रुवारी करून टाकते, म्हणून रकान्याचा प्रकार आधी टेक्स्ट ठेवावा आणि मगच क्रमांक भरावेत.

यादीच्या डोक्यावर सोसायटीचे नाव मोठ्या अक्षरांत, सेल एकत्र करून लिहिलेले आहे, असे मागच्या वेळी पाहिल्याचे आठवते. ते काढावे. पहिल्या ओळीत रकान्यांची नावेच असली पाहिजेत.

ए-४०१:
आमच्यासारखे जे सभासद फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला राहतात, त्यांना नोटीस टपालाने येते. गेल्या वर्षी एकाच नावाची पाकिटे दोन-तीन घरी गेल्याचे ऐकले होते. पत्त्यांच्या लेबलांबाबतही सांगावे. शिवाय माझ्या कोल्हापूरच्या कार्यालयाचा दूरध्वनी ०२३१ ने सुरू होतो, तो यादीत २३१ असा आहे.

सी-२०३:
दादा, लेबलांच्या पानावर फिल्ड फक्त पहिल्या चौकटीत घालायचे असते आणि मग मेलिंग्ज टॅबमधील अपडेट लेबल्स हे बटण दाबायचे असते. ते दाबायचे राहिले तर पहिलेच लेबल भरते आणि बाकीच्या चौकटींत पत्ता येत नाही. आणि पहिल्या चौकटीतील मजकूर हाताने कॉपी करून इतर चौकटींत चिकटवला तर नेक्स्ट रेकॉर्ड ही पुढचे नाव घेण्याची सूचना गळते व संपूर्ण पानावर एकच नाव उमटते. पाकिटांचा घोळ बहुधा यातूनच झाला असावा. ०२३१ मधील शून्य जाण्याचे कारण वर सांगितलेच आहे: संख्येच्या आरंभीचे शून्य एक्सेलच्या लेखी निरर्थक असते, म्हणून दूरध्वनीचा रकानाही टेक्स्ट ठेवूनच भरावा.

खजिनदार (बी-३०४):
काही सभासदांची नावे नोटिशीत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या अर्थहीन माळेसारखी आली आहेत. तीही याच कारणाने का?

सी-२०३:
नाही, त्याचे कारण वेगळे आहे. आपली जुनी यादी युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची आजची सामायिक अक्षरसंकेत पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकित झाली होती. त्या फाँटमध्ये मराठी दिसते, पण साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, आणि फाँट बदलताच ती उघडी पडतात. अशा नावांना जुना फाँट लावून वेळ मारून नेता येते, पण नव्या सभासदांची नावे युनिकोडमध्ये असल्याने दोन्ही एका पत्रात नीट बसत नाहीत. तेवढी नावे मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये नव्याने टंकित करणे हाच कायमचा इलाज आहे. आणि यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, म्हणून साठवायची वेळ आली तर यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडावा, अन्यथा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतील.

सचिव (ए-१०२):
आणखी एक अडचण. मूळ पत्र उघडताना दर वेळी एसक्यूएलची आज्ञा चालवू का, असे इंग्रजीत विचारले जाते. व्हायरस असेल या धास्तीने मी नाही म्हणतो.

सी-२०३:
काका, तो व्हायरस नाही. पत्र त्या यादीशी जोडलेले आहे, तेव्हा तिच्यातून माहिती घेऊ का, एवढेच वर्ड विचारत असते. पत्र आपलेच असल्याची खात्री असेल तर होय म्हणावे. नाही म्हटले की यादीशी असलेली जोड तुटते आणि सिलेक्ट रेसिपियंट्समधून ती पुन्हा करावी लागते. यादीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचे नाव बदलले तरी असेच होते, म्हणून पत्र आणि यादी एकाच फोल्डरमध्ये कायम ठेवावीत. मर्ज करण्यापूर्वी यादी जतन करून एक्सेल बंद करणेही बरे.

दुरुस्तीनंतर एकदम प्रिंटरकडे पाठवू नये. फिनिश अँड मर्जमध्ये एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स निवडले की सर्व पत्रांची एक वेगळी फाइल तयार होते. तिच्यातील रक्कम, तारीख आणि फ्लॅट क्रमांक यादी समोर ठेवून कोणीतरी दुसऱ्याने वाचावेत. वर्डमध्ये चुका तपासण्याचे बटण आहे, पण ते फिल्ड सापडत नसल्यासारखे दोषच पकडते, चुकीची रक्कम त्याला कळत नाही. त्या फाइलमध्ये प्रत्येक पत्र हा स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे एखादेच पत्र, समजा बारावे, पुन्हा छापायचे असेल तर पानांच्या चौकटीत एस आणि १२ जोडून लिहावे. ही फाइल मात्र ग्रुपवर टाकू नये. तिच्यात प्रत्येकाची थकबाकी आहे आणि ती ज्याची त्यालाच कळावी.

सचिव (ए-१०२):
आभारी आहे. वहिनींनी रविवारपर्यंत यादी दुरुस्त करावी आणि सी-२०३ यांनी ती मर्जपूर्वी एकदा पाहावी. सोमवारी सायंकाळी समितीच्या खोलीत दोघांनी मिळून छापील प्रती यादीशी ताडून घ्याव्यात. त्यानंतर मी सह्या करीन आणि मंगळवारी स्थळप्रतीवर पोच घेऊन वाटप सुरू होईल. पुण्याची पाकिटे त्याच दिवशी टपालात पडतील.